बांधावर फवारा मारण्याआधी मारवेल ओळखा

पोळा झाला की बांध गुडघाभर वाढलेले असतात. कपाशीच्या पट्ट्यात तणनाशक मारून पंपात जे उरतं ते बांधावर जातं, आणि त्यात मारवेल हे चाऱ्याचं चांगलं गवत हमखास जळतं. मग फाल्गुनात कडबा विकत आणायचा. यंदा फवाऱ्याआधी बांधावरून एक चक्कर मारा.

एक कोवळी काडी घ्या आणि तिची गाठ बघा. गाठीभोवती पांढऱ्या, आडव्या पसरलेल्या केसांचं कडं दिसलं की ते मारवेल. शास्त्रीय नाव डायकँथियम ॲन्युलेटम. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच 'कडंवालं'. जुन्या काडीचे केस झडतात, म्हणून वरच्या दोन-तीन गाठी तपासा. बुडाशी काडी लोळते, मग वळून उभी होते. तुरा हाताच्या बोटांसारखा फाकलेला, फिकट हिरवा किंवा जांभळट. कुसळं असतात, पण बारीक, रुतत नाहीत.

गाठीला केस असलेलं आणखी एक गवत फसवतं. त्याच्या दाण्याच्या टरफलावर सुईने टोचल्यासारखा खळगा असतो, पण तो बघायला भिंग लागतं. जनावरं तेही खातात, तेव्हा फार डोकं लावू नका. कुसळी गवतापासून मात्र जपा. तिची तपकिरी कुसळं शेंड्याला पिळून वेणीसारखी गुंततात आणि शेळीच्या तोंडात रुततात. ती फुलोऱ्याआधीच कापून घाला.

तापी-गिरणाकाठच्या काळ्या जमिनीत, नाल्याच्या कडेला, पाटचारीवर मारवेल सापडतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमाड उतारावर ते शोधत बसू नका. तिथे शेडा आणि डोंगरी ही चाऱ्याची गवतं. गायरानात मारवेल, शेडा, डोंगरी ही तिन्ही कमी होऊन कुसळीच माजली असेल, तर चराई झेपेनाशी झाली आहे.

निम्मे तुरे बाहेर पडले की चार बोटं बुडखा ठेवून कापा. दिवाळीपर्यंत थांबलात तर चारा नाही, नुसती काडी हाती येते. बांधावर रिकाम्या जागा असतील तर ओल आहे तोवर दोन-तीन फुटव्यांचे ठोंब दीड-दीड फुटावर लावा. ताजं बी नीट उगवत नाही. ते कोरडं ठेवून पुढच्या मृगात टाका. आणि लावलेल्या जागी पहिलं वर्षभर शेळ्या फिरकू देऊ नका, बोरीच्या काट्या लावा.