मालकाचा वेळ आधी सोडवा, मग नियोजनाला बसा

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या तीस-चाळीस कामगारांच्या कारखान्यात मालकाचा दिवस कसा जातो? स्टोअरमध्ये इन्सर्ट (मशीनच्या टूलची कापणारी टोकं) संपले, गाडी गेटवर थांबलीय, बँकेला स्टॉक स्टेटमेंट हवंय, अमक्याला उचल द्यायची का? संध्याकाळी पुढच्या वर्षाचा विचार करायला त्राण उरत नाही. म्हणून पाच वर्षांच्या ध्येयाचा तक्ता नंतर. आधी तुमच्यापर्यंत येणारे निर्णय कमी करा.

पहिला आठवडा फक्त नोंदीचा. शंभर पानी वही, सोमवार ते शनिवार. कुणी काही विचारलं की वेळ, माणूस, प्रश्न आणि किती रुपयांचा मामला, एवढं एका ओळीत. रात्री आठवून लिहू नका. बारीकसारीक प्रश्न विसरतात आणि दिवस तेच खातात. शनिवारी प्रत्येक ओळीवर खूण करा. काही प्रश्न खरंच मालकाचे असतात. काही केवळ माहिती कुठे लिहिलेली नाही म्हणून येतात. ड्रॉइंगचा चालू रिव्हिजन नंबर, दर आणि डिस्पॅचच्या तारखा फळ्यावर लावल्या की ते थांबतात. उरलेले सगळ्यात महत्त्वाचे: समोरच्याला उत्तर माहीत असतं, पण ठरवायचा अधिकार नसतो.

तो अधिकार रुपयांत लिहून द्या. उदाहरणार्थ, 5,000 पर्यंतची खरेदी सुपरवायझर करेल, 25,000 पर्यंतची मॅनेजर करून त्याच दिवशी कळवेल, त्यावरची तुमच्याकडे. आकडे आपल्या उलाढालीप्रमाणे ठरवा. ही व्यवस्था बहुतेक ठिकाणी पहिल्याच महिन्यात मोडते. सुपरवायझर चारशे रुपये महाग माल आणतो, मालक सगळ्यांदेखत बोलतो आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक जण पुन्हा केबिनच्या दारात. चूक असेल तर एकट्याला बोलवून सांगा, पण त्याने घेतलेला निर्णय फिरवू नका.

यातून आठवड्याला चारेक तास सुटले की नव्वद दिवसांचा आराखडा करा. एक पान, जास्तीत जास्त तीन उद्दिष्टं, प्रत्येकापुढे एक आकडा आणि एकाच माणसाचं नाव. दोघांची नावं लिहिलीत तर काम कुणाचंच राहत नाही. ‘क्वालिटी सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘रिजेक्शन (नापास होणारा माल) 6 टक्क्यांवरून 4 वर’ हे उद्दिष्ट.

पहिलं उद्दिष्ट शक्यतो वसुलीचं घ्या. महिन्याला 60 लाखांची विक्री आणि 90 दिवसांची उधारी असेल, तर 1 कोटी 80 लाख बाहेर अडकलेले असतात. उधारी 60 दिवसांवर आली की 60 लाख मोकळे होतात आणि सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज वाचतं. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल तर उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) क्रमांक बिलावर छापा. 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या) कायद्याने ग्राहकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. आयकराच्या नियमामुळे (1961 च्या कायद्यात कलम 43बी(एच)), मुदत टळली तर ग्राहकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षातच वजा मिळतो. त्यामुळे मार्चमध्ये त्यांचा अकाउंटंट तुमचं ऐकतो. पण फोन फेब्रुवारीतच सुरू करा.

नव्वद दिवस कोणते, हेही बघा. साखर कारखान्यांना सुटे भाग देत असाल तर गाळप थांबल्यावर दुरुस्तीचा, म्हणजे तुमच्या गर्दीचा हंगाम येतो. तेव्हा नवी मशीन बसवायला किंवा माणसं शिकवायला घेऊ नका. हळद-बेदाण्याच्या धंद्यात फेब्रुवारी ते एप्रिल तसाच धरा.

दर सोमवारी 45 मिनिटं, उभ्याने, तेच नव्वद दिवसांचं पान हातात ठेवून घ्यायची बैठक. प्रत्येकाने आपला आकडा सांगायचा. मागे पडला असेल तर या आठवड्यात काय करणार, तेवढंच. कारणांची चर्चा तिथे सुरू झाली की बैठक दोन तास चालते आणि तिसऱ्या सोमवारी बंद पडते.

बिझनेस कोच घ्यायचा असेल तर या वहीनंतर घ्या आणि ती त्याच्यापुढे ठेवा. शॉप फ्लोअरवर न फिरता, सुपरवायझरशी न बोलता सल्ला देणारा नको. करार आधी तीन महिन्यांचाच करा आणि त्यात तुमच्या पानावरचे तीन आकडे लिहून घ्या.