कंपनीची पॉलिसी म्हणजे नक्की काय? या चुका टाळा

आमच्याकडे (पुण्यातलं ऑफिस, पन्नासेक माणसं) पॉलिसी म्हटलं की कपाटातली निळी फाईल, ऑडिटवाले आले की बाहेर आणि गेले की परत आत. एचआरचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा पहिल्यांदा उघडली, तर सुट्ट्यांच्या यादीत थँक्सगिव्हिंग, म्हणजे अमेरिकेतला सण! दिवाळीचा पत्ताच नाही. कोणीतरी नेटवरून उतरवून वर आमचा लोगो चिकटवला होता.

तर पहिली चूक हीच, कॉपी-पेस्ट. पॉलिसी म्हणजे तुमच्याच संस्थेने आधी बसून घेऊन ठेवलेला निर्णय असतो, म्हणजे प्रश्न आला की माणसाचं तोंड बघून उत्तर द्यावं लागत नाही. निर्णयच दुसऱ्याचा असेल तर मग कोण कशाला पाळेल.

दुसरी गडबड म्हणजे पॉलिसी आणि प्रोसिजर एकत्र कालवणं. "रजा आधी मंजूर करून घ्यायची" ही पॉलिसी, आणि फॉर्म कुठला, कोणाकडे द्यायचा, ही प्रोसिजर. आमच्या फाईलमध्ये सही करणाऱ्या मॅनेजरचं चक्क नाव छापलेलं, तो गेला आणि रजेचे अर्ज तीन आठवडे टेबलावर पडून. नाव नको, पद लिहा, आणि प्रोसिजर वेगळ्या कागदावर ठेवा.

कायद्यापेक्षा कमी देणारी पॉलिसी चालत नाही, मग त्यावर सगळ्यांच्या सह्या असल्या तरी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ कॅज्युअल लीव्ह (किरकोळ रजा) आहेत, शिवाय वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे १ भरपगारी रजा, आणि ती ४५ पर्यंत साठते. आमच्या फाईलमध्ये कॅज्युअल ६ च होत्या!! जास्त द्या, कोणी अडवत नाही, कमी नाही देता येत.

लैंगिक छळाविरुद्धच्या पॉलिसीचं तर विचारूच नका. २०१३ चा कायदा आहे, १० किंवा जास्त माणसं असली की तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागतेच, अध्यक्ष वरिष्ठ महिला, एक सदस्य कंपनीबाहेरचा, नाहीतर ५०,००० पर्यंत दंड. आमच्या भिंतीवर बोर्ड होता छान फ्रेम करून, पण त्यावरच्या अध्यक्ष मॅडम नोकरी सोडून दोन वर्षं झालेली. तक्रार साधारण ३ महिन्यांच्या आत करायची असते, तोवर बाई कोणाला शोधत बसणार? बोर्डावरची नावं आजच तपासा, हे पाच मिनिटांचं काम आहे.

आणि लेटमार्क. पॅकिंगच्या पोरांना लागतो, सेल्सवाल्यांना कधीच नाही, का तर "ते क्लायंटकडून येतात". बरोबर असेल, पण मग तसं लिहा ना! न लिहिलेली सूट म्हणजे वशिला असंच खालचे लोक समजतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

तारीख आणि व्हर्जन नंबर प्रत्येक पानावर टाका, आमच्याकडे व्हॉट्सॲप ग्रुपवरची पीडीएफ वेगळी आणि फाईल वेगळी निघाली होती.

नवीन रजा पॉलिसी मराठीत लिहून सगळ्यात आधी आमच्या ऑफिस बॉयला वाचायला दिली. त्याने दोनदा वाचली आणि म्हणाला, "ताई, आई आजारी पडली तर यातली कुठली टाकायची?" आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो, ती ओळ त्याच संध्याकाळी घातली.