एनएचएलमधे कुठला चांगला प्लेयर फुकटात जाणार हे आधीच कसं ओळखायचं

एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडाची आइस हॉकी लीग. तिथे २०२१ च्या जुलैमधे व्हेगस गोल्डन नाइट्सनी मार्क-आंद्रे फ्लरीला शिकागोला देऊन टाकलं. त्याच्या महिनाभर आधीच त्याला व्हेझिना मिळालेली, म्हणजे लीगमधला बेस्ट गोली (गोलकीपर), आणि बदल्यात व्हेगसकडे आला मिकाएल हाकारायनेन नावाचा मायनर लीगमधला पोरगा. लोक म्हणाले व्हेगसवाले येडे झाले. येडे वगैरे काही नव्हते हो. फ्लरीचा कॅप-हिट (टीमच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत, म्हणजे सॅलरी कॅपमधे, त्याच्या नावावर धरला जाणारा वर्षाचा आकडा) होता ७ मिलियन डॉलर, दुसरा गोली रॉबिन लेनर ५ मिलियनवर आधीच बसलेला, आणि दोन गोलींवर १२ मिलियन घालवायची त्यांची ऐपत उरली नव्हती. फ्लरी कसा खेळतो हा प्रश्नच नव्हता.

(हॉकी म्हणजे आपली ध्यानचंद-धनराज पिल्लेवाली नाही हां, बर्फावरची. टोरंटो, ब्रॅम्प्टन, न्यू जर्सीकडे राहणाऱ्या आणि पोरांमुळे या खेळाच्या नादी लागलेल्या मराठी लोकांसाठी हे लिहितोय, फँटसी लीग खेळत असाल तर जास्तच कामाचं.)

तर पहिली गोष्ट, गोल-असिस्टचा तक्ता बंद करा आणि कॉन्ट्रॅक्टचा तक्ता उघडा. पूर्वी कॅपफ्रेंडली नावाची वेबसाइट होती, ती २०२४ मधे वॉशिंग्टन कॅपिटल्सनी विकत घेऊन बंद केली, आता पकपीडिया बघा. एनएचएलची सॅलरी कॅप २००५ मधे लॉकआउटनंतर आली, तेव्हा ३९ मिलियन होती, आणि ती एकदम कडक आहे, एनबीएसारखं दंड भरून वर जायची सोय नाही. मग कोविडमुळे २०१९-२० पासून तीन सीझन ती ८१.५ मिलियनवरच अडकली, खेळाडूंचे पगार मात्र आधीच्या करारांप्रमाणे वाढत राहिले, म्हणून २०२० ते २०२३ या काळात फुकटात गेलेल्या प्लेयर्सची रांगच लागलेली दिसते. २०२५-२६ ची कॅप ९५.५, २०२६-२७ साठी १०४ जाहीर झालेली, त्यामुळे निव्वळ जागा नाही म्हणून हाकललेले लोक कमी दिसतील, पण बंद होणार नाहीत, का ते पुढे येतंच.

दुसरं म्हणजे घड्याळ. उन्हाळ्यात टीमला कॅपच्या वर १० टक्के जाता येतं, पण ऑक्टोबरमधे सीझन सुरू होताना सगळं आत बसवावं लागतं. बायआउटची (ठरलेल्या पगाराचा काही भाग देऊन करार मोडायची) खिडकी जूनच्या मध्याच्या आसपास उघडते आणि ३० जूनला बंद होते, ड्राफ्ट (टीम पाळीपाळीनी नवीन पोरं निवडतात तो; निवडीची एक पाळी म्हणजे पिक, आणि जितका मागचा राउंड तितकी तिची किंमत कमी) जूनच्या शेवटी, आणि १ जुलैला फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेले प्लेयर कुठल्याही टीमला जायला मोकळे. म्हणजे जूनचा शेवटचा आठवडा आणि जुलैचे पहिले पंधरा दिवस हा खरा बाजार. या दिवसांत टीमला नवीन कोणी घ्यायचा असेल तर कोणाला तरी आत्ताच्या आत्ता घालवायचं असतं, आणि ही गोष्ट समोरच्या एकतीस टीमच्या जनरल मॅनेजर्सना माहिती असते, मग कशाला कोण भाव देईल. अडला हरी म्हणतात ना, तीच गत.

म्हणून माझा सगळ्यात आवडता नियम: जाणाऱ्याकडे बघू नका, येणाऱ्याकडे बघा. २०२० च्या ऑक्टोबरमधे व्हेगसला अ‍ॅलेक्स पिएट्रँजेलो हवा होता, वर्षाला ८.८ मिलियन, तर पॉल स्टॅस्नी विनिपेगला गेला आणि नेट श्मिट फक्त एका थर्ड राउंड पिकवर व्हँकुव्हरला. २०२२ मधे कोलंबसला अचानक जॉनी गॉड्रो मिळाला, ९.७५ मिलियनवर, कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि दहा दिवसांच्या आत ऑलिव्हर ब्योर्कस्ट्रँड एका थर्ड आणि एका फोर्थ राउंड पिकवर सिअ‍ॅटलला गेला, जो तेव्हा २७ वर्षांचा, चांगला खेळणारा, चार वर्षं ५.४ मिलियनवर बांधलेला विंगर होता. २०२३ मधे व्हेगस स्टॅनली कप (लीगचं अजिंक्यपद) जिंकून जेमतेम पंधरा दिवस झाले तोवर रायली स्मिथ, पहिल्या सीझनपासूनचा माणूस, पिट्सबर्गला थर्ड राउंड पिकवर, कारण इव्हान बार्बाशेव्हला ठेवायचं होतं.

आणि येणारा दरवेळी बाहेरूनच येतो असंही नाही, स्वतःच्याच स्टारचा पगारवाढीचा हप्ता सुरू होतो तेव्हाही हेच होतं. एडमंटन बघा, २०२५-२६ पासून ड्रायसायटलचे १४ मिलियन सुरू आणि बुशार्डचे १०.५, तर त्याच उन्हाळ्यात एव्हॅन्डर केन फोर्थ राउंड पिकवर व्हँकुव्हरला आणि व्हिक्टर आरविडसन २०२७ च्या फिफ्थ राउंड पिकवर बॉस्टनला. कॅप वाढली तरी हे थांबत नाही ते यामुळेच, कारण कॅप वाढते तसे स्टार लोकांचे आकडे त्याच्या आधी वाढतात. तर वर्षभर आधीच लिहून ठेवा की कुठल्या टीमच्या कुठल्या पोराचं मोठं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या सीझनला लागू होतंय, आणि त्या टीममधे ४ ते ७ मिलियनवाले, पहिल्या लाइनवर (मुख्य फळीत) नसलेले, एक-दोन वर्षं उरलेले कोण आहेत. नव्वद टक्के काम इथेच झालं.

आता क्लॉज. नो-मूव्हमेंट क्लॉज असेल तर प्लेयरच्या परवानगीशिवाय त्याला ट्रेडही करता येत नाही, वेव्हर्सवरही (म्हणजे ज्या टीमला हवा तिनी बदल्यात काही न देता उचलावा असा) टाकता येत नाही. नुसता नो-ट्रेड असेल, तोही अर्धवट, म्हणजे 'या पंधरा टीमला मी जाणार नाही' टाइप, तर वेव्हर्सचा रस्ता उघडा राहतो. न्यू यॉर्क रेंजर्सनी २०२४ च्या जूनमधे बार्कली गुडरोला सरळ वेव्हर्सवर टाकलं, सॅन होजेनी उचललं, त्याची नो-ट्रेड यादी कागदावरच राहिली. त्याच टीमचा कॅप्टन जेकब ट्रूबा, ८ मिलियन, उन्हाळ्यात जायला तयार नव्हता, डिसेंबरमधे वेव्हर्सचा धाक दाखवल्यावर अ‍ॅनाहाइमला गेला, बदल्यात उर्हो वाकानायनेन आणि एक फोर्थ राउंड पिक. मग २०२५ मधे ख्रिस क्रायडर, ज्यानी एका सीझनमधे ५२ गोल मारलेले, तोही अ‍ॅनाहाइमलाच, एक प्रॉस्पेक्ट (उगवता पोरगा) आणि थोडी पिकची अदलाबदल. यादी जितकी लांब तितकी गिऱ्हाइकं कमी, आणि गिऱ्हाइकं कमी की भाव पडतो, सोपं गणित आहे. प्लेयर स्वतःला सांभाळायला क्लॉज घेतो आणि त्यामुळेच स्वस्तात जातो, मला तर हे जाम मजेशीर वाटतं.

अजून एक खूण, जी लोक विसरतात. कोणी सीझनमधे वेव्हर्सवर गेला आणि कोणीच घेतला नाही, तर तो उन्हाळ्यात फुकट नाही, फुकटाच्याही खाली जाणार. म्हणजे वर काहीतरी देऊन. शेन गॉस्टिसबेअर हे याचं बेस्ट उदाहरण. फिलाडेल्फियानी मार्च २०२१ मधे त्याला वेव्हर्सवर टाकला, ४.५ मिलियनला कोणी हात लावला नाही, जुलैमधे त्यांनी त्याला अ‍ॅरिझोनाला दिला, वर सेकंड राउंड आणि सेव्हन्थ राउंड पिकही दिली, बदल्यात शून्य. पुढच्या सीझनला त्यानी ५१ पॉइंट्स (गोल अधिक असिस्ट) केले. आणि २०२३ मधे अ‍ॅरिझोनानी त्यालाच कॅरोलायनाला विकून थर्ड राउंड पिक मिळवली. याला म्हणतात धंदा, घेतानाही पैसे, विकतानाही पैसे.

इथून पुढचा प्रश्न घेणारा कोण. ज्यांच्याकडे जागा रिकामी आहे आणि कप जिंकायची घाई नाही ते. अ‍ॅरिझोना तर वर्षानुवर्षं यावरच चाललेली, २०१६ मधे पावेल दात्सुकचं कॉन्ट्रॅक्ट, जो रशियाला परत निघालेला, ते घेऊन डेट्रॉइटची सोळावी पिक मिळवली आणि त्यावर जेकब चिकरन घेतला (आता ती टीम युटाला गेली). नंतर शिकागो, अ‍ॅनाहाइम, सॅन होजे. पण मला विचाराल तर यातली उस्ताद टीम कॅरोलायना. २०१६ मधे शिकागोला ब्रायन बिकेलचं ४ मिलियनचं ओझं उतरवायचं होतं, तर कॅरोलायना म्हणाली घेतो, पण टेवो तेरावाइनेन पण द्या, तेव्हा तो २१ वर्षांचा. दिला. पुढे एका सीझनला ७६ पॉइंट्स काढले त्यानी. आणि टोरंटोवाल्यांना तर आठवत असेलच २०१९ चं पॅट्रिक मार्लोचं प्रकरण, शेवटचं वर्ष, ६.२५ मिलियन, आणि कॉन्ट्रॅक्ट पस्तिशीनंतर सही केलेलं म्हणून बायआउट करूनही कॅपमधे काही सूट नाही. स्टार प्लेयर मिच मार्नरचं नवीन कॉन्ट्रॅक्ट डोक्यावर. तर टोरंटोच्या लीफ्सनी मार्लोसोबत फर्स्ट राउंड पिक दिली, कॅरोलायनानी त्याला लगेच बायआउट केलं, म्हणजे एका वर्षाचे थोडे पैसे आणि ६.२५ मिलियनची कॅप खर्च करून पिक विकत घेतली म्हणा, आणि २०२० ला त्या तेराव्या पिकवर आला सेथ जार्व्हिस. ज्यांना जार्व्हिस खेळताना बघून त्रास होतो ते सगळे लीफ्सचे फॅन असतात.

पण कॅरोलायनाचाच दुसरा किस्सा पण ऐका, म्हणजे फुकट दिसलं की नाचायचं नाही हे कळेल. २०२२ मधे व्हेगसनी त्यांना मॅक्स पॅचरेटी दिला, ७ मिलियनवाला गोलस्कोरर, सोबत डिलन कॉगलन नावाचा डिफेन्समन, बदल्यात फ्युचर कन्सिडरेशन्स, म्हणजे कागदावर काहीतरी लिहावं लागतं म्हणून लिहिलेलं. सगळीकडे वा वा. ऑगस्टमधे पॅचरेटीच्या टाचेचा अकिलीस टेंडन फाटला आणि सीझनमधे तो पाच मॅच खेळला. किंमत शून्य होती पण कॅप-हिट शून्य नव्हता ना.

त्यामुळे नाव काढलंत की त्याला एका गटात टाका. एक, जागा नाही म्हणून निघालेला चांगला प्लेयर. याच्यावर कोचचा भरवसा शेवटपर्यंत असतो, आइस टाइम कमी झालेला नसतो, पॉवर प्लेवरून (समोरचा खेळाडू शिक्षेवर असताना एक माणूस जास्त घेऊन खेळतात तो) काढलेला नसतो, ब्योर्कस्ट्रँड, स्मिथ, फ्लरी असे. डेव्हन टेव्जही यातलाच, न्यू यॉर्क आयलंडर्सनी २०२० मधे नवीन पगार परवडणार नाही म्हणून दोन सेकंड राउंड पिकवर कोलोरॅडोला दिला आणि २०२२ ला तो कप उचलत होता. दुसरा गट घसरणीचा, वय ३१-३२ च्या पुढे, तीन-चार वर्षं उरलेली, दोन सीझन मिनिटं कमी होत चाललेली, दुखापतीनंतर स्केटिंग मंदावलेलं, इथे पिक वर मिळाल्याशिवाय हात लावू नका. तिसरा गट म्हणजे माणूस नाहीच, नुसतं कॉन्ट्रॅक्ट, जसं शे वेबर किंवा कॅरी प्राइस, जे खेळणार नाहीत हे सगळ्यांना माहिती असताना त्यांची कॉन्ट्रॅक्ट्स दुसऱ्या टीमकडे गेली. फँटसीवाल्यांनी तिसरा सोडूनच द्या. फसवाफसवी पहिल्या दोन गटांच्या सीमेवर होते, आणि तिथे मी एकच गोष्ट बघतो, शूटिंग परसेंटेज (शंभर शॉट्समधे किती गोल). शॉट्स तेवढेच, मिनिटं तेवढीच, फक्त पक आत जात नाहीये असा सीझन असेल तर घ्या. शॉट्सच कमी झालेत तर लांब रहा.

पगार रिटेन करण्याची भानगड पण बघून घ्या. देणारी टीम ५० टक्क्यांपर्यंत पगार स्वतःकडे ठेवू शकते, एका वेळी जास्तीत जास्त तीन प्लेयर्सचा. फिलाडेल्फियानी २०२३ मधे केव्हिन हेजचा अर्धा पगार ठेवला आणि तरी सेंट लुईसकडून फक्त सिक्स्थ राउंड पिक मिळाली, म्हणजे त्यांना तो माणूस किती नकोसा झाला होता बघा. टीमचे तिन्ही स्लॉट भरलेले असतील तर उरलेला जाडा पगारवाला अजून स्वस्तात जाणार किंवा बायआउट होणार. आणि बायआउट दिसायला लागला की कोणी ट्रेडच करत नाही, थांबतात, चार दिवसांनी फ्री एजंट म्हणून मिळतोय की.

खरी लॉटरी मात्र ट्रेडमधे नाहीच, मला वाटतं. जून संपायच्या आत टीमला आपल्या रिस्ट्रिक्टेड फ्री एजंटला (करार संपलेला, पण हक्क अजून टीमकडेच असलेला पोरगा) क्वालिफाइंग ऑफर, म्हणजे हक्क टिकवायला लागणारी नव्या कराराची ऑफर, द्यावी लागते, नाही दिली की पोरगा मोकळा. टँपानी २०२० ला कार्टर व्हर्हेगीला नाही दिली, फ्लोरिडाला गेला, एका सीझनला ४२ गोल, वर दोन कप. शिकागोनी २०२२ ला डिलन स्ट्रोमला नाही दिली, वॉशिंग्टनला गेला आणि २०२४-२५ ला ८२ पॉइंट्स. आणि गुस्ताव फोर्सलिंग तर जानेवारी २०२१ मधे कॅरोलायनानीच वेव्हर्सवर टाकलेला, हो, तीच उस्ताद टीम, फ्लोरिडानी उचलला आणि आज तो त्यांच्या डिफेन्सचा कणा आहे. जुन्या लोकांना क्रिस ड्रेपर आठवेल, १९९३ मधे विनिपेगनी डेट्रॉइटला एक डॉलरला दिलेला, चार कप जिंकला तो. कॅप यायच्या बारा वर्षं आधीची गोष्ट ती, म्हणजे तेव्हा कॅपचं कारण पण नव्हतं.

तर या जूनमधे करायचं काय, मार्लोसारखी नावं शोधत बसू नका, ती सगळ्यांना दिसतात. कॅपच्या सगळ्यात जवळ असलेल्या पाच-सहा टीम काढा, त्यांच्या कोणाची पगारवाढ लागू होतेय बघा, मधल्या पगाराचे लोक लिहा, क्लॉज तपासा. साइनिंग बोनस कोणाचा १ जुलैला मिळतो तेही लिहा, कारण तो बोनस जुन्या टीमनी भरला की उरलेली रोख रक्कम कमी आणि कॅप-हिट तेवढाच, मग काटकसरी मालकाच्या टीमला असा प्लेयर परवडतो. असे ट्रेड २ जुलैला होतात, ३० जूनला नाही. आणि क्वालिफाइंग ऑफर न मिळालेल्यांची यादी आली की त्यातले २५ च्या आतले, थर्ड लाइनवर अडकलेले, पण पॉवर प्लेवर कधी ना कधी खेळलेले, एवढेच बाजूला काढा. ती यादी छोटीच असते, चहा संपेपर्यंत वाचून होते.