भिंत पाडताना आणि बांधताना या चुका टाळा

गिलावा चढला की घरातल्या सगळ्या भिंती सारख्याच दिसतात. कामं मात्र वेगळी. एक छत तोलते, दुसरी नुसत्या खोल्या पाडते, तिसरी पाऊस अडवते, चौथी मातीचा रेटा झेलते.

सर्वांत धोक्याची चूक म्हणजे हॉल मोठा करायला मधली भिंत पाडणं. बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत, निपाणी-चिकोडीकडच्या जुन्या घरांत कॉलम नसतात. तुळया भिंतीवरच टेकलेल्या असतात. ठोकून आवाज ऐकण्यावर विसंबू नका. माळ्यावर चढून तुळईचं टोक कुठं टेकलंय ते बघा, वरच्या मजल्यावर त्याच रेषेत भिंत आहे का तेही तपासा. नुसत्या जाडीवरूनही ठरवू नका: कॉलम-बीमच्या घरात नऊ इंची भिंत निव्वळ भराव असू शकते. भार असेल तर आधी इंजिनीअरकडून बीम ठरवून घ्या, दोन्ही बाजूंना टेकू लावा, मगच पहिली वीट काढा.

वायरिंगच्या पाइपासाठी भिंतीत कोरलेली झिरीही (खाच) भिंत कमकुवत करते. उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी. साडेचार इंची भिंतीत आडवी झिरी जेमतेम पाऊण इंच भरते. तेवढ्यात 20 मिलिमीटरचा पाइपही बसत नाही. म्हणून तिथं पाइप उभाच न्या.

साडेचार इंची भिंतीला 1:4 माल (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) वापरा, दर तिसऱ्या-चौथ्या रद्द्याला (विटांच्या थराला) 6 मिलिमीटरची सळई घाला. एका दिवसात पाच फुटांवर चढवू नका. बीमखालचा शेवटचा रद्दा माल बसल्यावर, काही दिवसांनी भरा. नाहीतर तिथं हमखास आडवी चीर येते. वीट आणि काँक्रीट भेटतात तिथं फूटभर रुंद जाळी मारून मगच गिलावा करा.

ओलीचं कारण बहुधा बाहेर असतं, तरी लोक आतून वॉटरप्रूफ पुट्टी लावत बसतात आणि ती फुगून पडते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो. त्या बाजूला निदान नऊ इंची भिंत, दोन थरांचा गिलावा आणि पाणगळ खाच (पाणी भिंतीकडे न येता खाली टपकावं म्हणून तळाला ठेवलेली खाच) असलेला छज्जा हवाच. गच्चीच्या कठड्याचा माथा आतल्या बाजूला उतरता ठेवा. ओल जमिनीलगतच असेल तर जोतं बघा. गल्लीचं काँक्रीट थरावर थर चढत जातं आणि जोत्यावरची डीपीसी, म्हणजे ओल वर चढू न देणारा थर, मातीखाली जाते. अंगण उकरून ती निदान सहा इंच वर आली पाहिजे. जुन्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करूच नका, आत शिरलेलं पाणी अडकतं आणि भिंत आतून भुसभुशीत होते. तिला चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा हवा.

अथणीकडच्या काळ्या मातीत फूटभर पायावर कुंपणाची भिंत उभारली की उन्हाळ्यात ती तडकते, कारण माती सुकून आकसते आणि पावसात फुगते. मुरूम लागेपर्यंत खणा.

उतारावरच्या मातीरोधक भिंतीला दर पाच फुटांवर तीन इंची पाइपची भोकं ठेवा आणि मागं खडी भरा. खडी नसेल तर भोकं मातीनं बुजतात, पाणी मागं तुंबतं आणि भिंत पुढं कलते.