मेनू कुठे ठेवायचा? डेस्कटॉप ॲप बनवताना या चुका टाळा

नवशिक्या डेव्हलपरला डेस्कटॉप ॲप बनवायला द्या, पहिल्याच आठवड्यात तो मेनू बार, म्हणजे फाइल, एडिट अशी नावं असलेली वरची आडवी पट्टी, उडवतो. कारण काय, तर "जुनाट दिसतो." मग कोपऱ्यात तीन आडव्या रेघा येतात आणि फाइल, प्रिंट, मदत सगळं त्यांच्यामागे कोंबलं जातं. हे फार आधुनिक वाटतं त्यांना. प्रत्यक्षात तो आयकॉन १९८१ च्या झेरॉक्स स्टार या संगणकावरचा, डिझायनर नॉर्म कॉक्स यांनी काढलेला. मोबाईलवर जागा नसते म्हणून तो तिथे शोभतो. डेस्कटॉपवर अख्खी रुंदी मोकळी पडलेली असताना आदेश लपवायचे कशाला? मेनू बार चाळता चाळता माणसाला ॲपमध्ये काय काय आहे ते कळतं, शॉर्टकटही तिथेच शेजारी लिहिलेले दिसतात. दोन-चारच कामं करणारं छोटं ॲप असेल तर रेघा चालतील. एरवी नको.

यापेक्षा जास्त ताप देणारी चूक म्हणजे विंडोजवर बनवलेला मेनू जसाच्या तसा मॅकवर नेणं.

एका टीमचं इलेक्ट्रॉनमध्ये (वेबच्या तंत्रांनी डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन) लिहिलेलं ॲप तपासत होतो. मॅकवाल्यांची एकच तक्रार: लॉगिनच्या चौकटीत पासवर्ड पेस्ट होत नाही. टीमने आधी सुरक्षेच्या कोडवर संशय घेतला, मग पासवर्ड मॅनेजरवर, शेवटी ग्राहकाच्या कीबोर्डवर. विंडोजवर सगळं सुरळीत आणि टेस्टिंग तिथेच, त्यामुळे कोणाला काही दिसेना. मूळ भलतीकडेच होतं. कोणीतरी स्वतःचा मेनू रचताना 'एडिट' गाळून टाकलं होतं. "कॉपी-पेस्ट मेनूतून कोण करतं?" पण मॅकवर कमांड-व्ही दाबलं की ते मेनूतल्या 'पेस्ट'ला जाऊन भिडतं आणि तिथून चौकटीला पेस्टचा हुकूम सुटतो. मेनूत पेस्ट नाही म्हटल्यावर शॉर्टकटही मुका. विंडोजवर चौकट स्वतःच कंट्रोल-व्ही ओळखते, म्हणून तिथे निभावलं.

इलाज दहा मिनिटांचा. एडिट मेनू परत आणायचा आणि अन-डू, री-डू, कट, कॉपी, पेस्ट, सिलेक्ट ऑल यांना इलेक्ट्रॉनने दिलेले तयार 'रोल', म्हणजे नोंदीचं काम सिस्टिमला सांगणाऱ्या खुणा, लावायचे. पण ज्याने मेनू उडवला त्याचा आग्रह वेगळाच: "की पकडतो आणि जावास्क्रिप्टमधून मीच पेस्ट करतो." म्हणजे आज पेस्टला ठिगळ, उद्या अन-डूला, परवा सिलेक्ट ऑलला. असल्या पळवाटांची मला चीड आहे. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

त्याच मेनूत आणखी एक गंमत होती. मॅकवर पहिल्या मेनूला ॲपचंच नाव मिळतं, तुम्ही काहीही लिहा. यांनी 'फाइल' पहिलं ठेवलं होतं, त्यामुळे ओपन आणि सेव्ह ॲपच्या नावाखाली जाऊन बसले. मॅकसाठी सुरुवातीला वेगळा ॲप मेनू जोडायचाच.

क्यूटी (खिडक्या, मेनू, बटणं तयार देणारं टूलकिट) वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: इंग्रजी 'सेटअप' किंवा 'ऑप्शन्स'ने सुरू होणारी नोंद मॅकवर आपोआप ॲप मेनूत उचलली जाते. 'सेटअप प्रिंटर' "गायब" झाला म्हणून बोंब मारण्याआधी त्या नोंदीच्या ॲक्शनला 'नोरोल' लावा, म्हणजे ती जागची हलणार नाही.

मेनू स्क्रीनच्या माथ्यावर असावा की खिडकीत, हा वाद जुना आहे. ॲपलच्या लिसा या संगणकाने १९८३ मध्ये तो माथ्यावर ठेवला. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांचा १९५४ चा नियम त्या बाजूने बोलतो: लक्ष्य मोठं आणि जवळ असेल तर हात लवकर पोचतो, आणि स्क्रीनच्या कडेला कर्सर आपोआप अडतो, म्हणजे नेम धरावाच लागत नाही. मात्र मोठ्या स्क्रीनवर तेच अंतर नडतं. दोन मॉनिटर असतील तर आणखीच. मॅकवर प्रत्येक स्क्रीनला मेनू बार मिळायला २०१३ उजाडलं. लिनक्सवरच्या उबुंटूने २०११ मध्ये युनिटी या आपल्या डेस्कटॉपवर मेनू माथ्यावर नेला, १४.०४ या आवृत्तीत खिडकीत परत आणण्याची सोय दिली. ग्नोम या लिनक्सच्याच दुसऱ्या डेस्कटॉपने वरच्या पट्टीतला ॲप मेनू २०१९ मध्ये काढूनच टाकला. सिस्टिम बनवणाऱ्यांचंच मत असं फिरत असेल, तर तुम्ही आपला निर्णय ॲपमध्ये कोरून का ठेवता? टूलकिटकडे सिस्टिमचा मेनू मागा, तो योग्य जागी जाईल. केडीई प्लाझ्मा या आणखी एका लिनक्स डेस्कटॉपवर तर वापरणारा मेनू वरच्या पट्टीत हलवू शकतो. तुम्ही हाताने रंगवलेला मेनू मात्र जागचा हलत नाही.

आणि हो, कडेला बटण ठेवायचं तर कडेला चिकटवूनच. विंडोज ९५ च्या स्टार्ट बटणाभोवती बारीकशी फट होती, अगदी कोपऱ्यात क्लिक केलं की वाया.

लागू नसलेली नोंद लपवू नका, फिकी करा.

मेनू बार झाकायचाच असेल तर विंडोजवर ऑल्ट दाबल्यावर तो दिसलाच पाहिजे.

सेटिंग्ज मॅकवर ॲप मेनूत, कमांड-स्वल्पविरामासह. इतरत्र तिथल्या रिवाजाप्रमाणे.

रिलीजच्या आधी माझी एक सवय आहे. मॅकवर ॲपच्या सगळ्या खिडक्या बंद करतो. ॲप चालूच राहतं, समोर फक्त मेनू बार उरतो. तिथून 'नवीन' निवडून खिडकी उघडली नाही, तर मेनू मुख्य खिडकीला बांधलाय हे नक्की; ॲपची ती बिल्ड (तयार प्रत) तिथूनच परत पाठवतो.