खाणीच्या डंपवर झाडं जगवायची कशी, आणि त्याचा खर्च कधी करायचा

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे भागात फिरलात तर हिरव्या डोंगरांच्या मध्येच एखादा सपाट डोक्याचा लालजांभळा डोंगर दिसतो, तो निसर्गाने केलेला नाही, तो डंप. एक टन लोहखनिज काढायला साधारण अडीच-तीन टन माती-दगड उकरून बाजूला टाकावा लागतो, तोच हा ढीग. मी अशा डंपांवर रोपं लावायचं काम बरीच वर्षं केलंय. 2022 च्या शेवटापासून लिलाव होऊन खाणी परत सुरू व्हायला लागल्यात, म्हणजे हे काम आता नव्या माणसांच्या हातात येणार, म्हणून जे शिकलोय ते लिहून ठेवतो.

आधी आमची चूक सांगतो. पहिल्या वर्षी जूनमध्ये आम्ही उतारावर खड्डे मारले, रोपं लावली, सप्टेंबरात सगळं हिरवंगार, साहेब लोक फोटो काढून गेले. पुढच्या मे महिन्यात बघतो तर जवळजवळ सगळी वाळलेली. एक रोप उपटलं तर पिशवीच्या आकाराचा मातीचा गोळा तसाच्या तसा हातात आला, मुळं त्या गोळ्याच्या बाहेर बोटभरसुद्धा गेली नव्हती. बाजूची माती फोडायला गेलो तर भाजलेल्या विटेसारखी. आमच्याबरोबर काम करणारी एक वयस्कर बाय म्हणाली, "पुता, ही माती न्हय, फातर." (म्हणजे ही माती नाही, दगड आहे.) आणि त्याच उतारावर एका कोपऱ्यात बारा-पंधरा रोपं मस्त उभी होती. का, तर तिथे ट्रकवाल्याने चुकून जंगलातली वरची काळसर माती ओतली होती.

तर पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. खाण उघडताना जो वरचा वीतभर-हातभर मातीचा थर निघतो तो वेगळा काढा, डंपमध्ये जाऊ देऊ नका. जंतू, बुरशी, बिया, कुजलेला पाला सगळं त्यातच असतं, खालच्या गुलाबी-जांभळ्या चिकणमातीत यातलं काही नसतं. ही माती साठवायची तर ढीग बुटका ठेवा, दोन-तीन मीटरच्या वर नको, कारण उंच ढिगाच्या पोटात हवा जात नाही आणि माती आतून मरते. ढिगावर ताग पेरून टाका म्हणजे पावसात वाहून जाणार नाही. पण खरं सांगायचं तर साठवूच नका, या बाजूला काढली की त्या बाजूला तयार झालेल्या उतारावर थेट नेऊन पसरा.

यात पैशाचं गणित पण आहे आणि ते कोणी नीट सांगत नाही. माती एकदाच उचलून एकदाच टाकली तर एकच भाडं, साठवून परत उचलली तर दोन. खाण चालू असताना एक्स्कॅव्हेटर, डोझर, ट्रक सगळं तिथेच असतं, उतार बसवायला डोझर दोन दिवस वळवला तर कोणाला जाणवतही नाही. खाण बंद झाली की तेच मशीन बाहेरून भाड्याने आणावं लागतं आणि तेव्हा कमाई शून्य असते. लोहखनिजाचा भाव 2011 च्या सुरुवातीला टनाला 190 डॉलरच्या आसपास होता, 2015 संपताना 40 च्या खाली, असा भाव पडला की सगळ्यात आधी कात्री नर्सरीला लागते. गोव्यात तर 2012 मध्ये एका झटक्यात खाणी थांबल्या आणि अर्धवट बसवलेले डंप तसेच पावसात उभे राहिले. म्हणून "खाण संपल्यावर बघू" असं जो म्हणेल त्याला तिथेच अडवा. प्रत्येक मायनिंग प्लॅनमध्ये टप्प्याटप्प्याने जमीन पूर्ववत करायचा आराखडा असतो, दर पाच वर्षांनी त्याचा आढावा होतो, तो मागून घ्या आणि यावर्षी किती हेक्टर करणार होते, किती केलं ते जागेवर जाऊन बघा. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2020 मध्ये सांगितलंय की खाणकाम संपल्यावर जमिनीवर परत गवत उगवेल, चारा होईल अशी स्थिती करायची, ही अट लीजमध्येच घालायची.

जिल्हा खनिज निधीचं पण समजून घ्या. लोहखनिजाच्या सरासरी विक्री किमतीवर रॉयल्टी 15 टक्के, आणि लिलावातल्या खाणीला त्या रॉयल्टीच्या 10 टक्के निधीत भरायचे, म्हणजे 100 रुपयाच्या मालावर गावांच्या वाट्याला दीड रुपया. तो गावाचं पाणी, दवाखाना, शेतातला गाळ यासाठी आहे. डंप बसवायचा खर्च मालकाचा, तो या दीड रुपयातून काढू देऊ नका, माझं यावर ठाम मत आहे.

आता उतार. डंपाचा एकूण उतार 28 अंशांपेक्षा जास्त नको, पर्यावरण परवानगीत बहुतेक वेळा हीच अट असते. एकच सरळ उतार न ठेवता पायऱ्या करा आणि प्रत्येक पायरीला आतल्या बाजूला थोडा कल द्या, नाहीतर पाणी कडेवरून खाली उडी मारतं आणि एका रात्रीत घळ पडते. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यामुळे डंपाच्या पायथ्याला दगडी बांध, भोवती गटार, गटाराच्या शेवटी गाळ बसायला टाकी, हे सगळं मे महिन्याच्या आत पाहिजे. टाकी पावसाच्या मधोमध उपसावी लागते, इथेच आळस होतो आणि गाळ खालच्या भातशेतीत जातो. एकदा शेतात तो चिकट लाल थर बसला की भाताचं रोप पिवळं पडतं, शेतकऱ्याचं अख्खं वर्ष जातं. उतार फारच उघडा असेल तर काथ्याची जाळी अंथरून खुंट्यांनी ठोका, दोन-तीन वर्षांत ती कुजते पण तोवर गवताने पकड घेतलेली असते.

झाडं लगेच नकोत. आधी गवत आणि शेंगवर्गीय, म्हणजे वाळा, स्टायलो, ताग, कडेला गिरिपुष्प. झाडांचे खड्डे एप्रिलमध्येच, दीड-दोन फुटी, उन्हात तापू द्या, मग वरची माती आणि शेणखत भरून पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावा. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या डंपवर साखर कारखान्याची मळी (प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ), आणि मुळांना नत्र देणारे जिवाणू व मुळांवरची बुरशी असं मिश्रण वापरून जंगल उभं केलंय, तेच तत्त्व इथेही चालतं. जिवाणूखत कृषी केंद्रात मिळतं, महाग नाही. झाडं मिश्र लावा, करंज, शिवण, जांभूळ, आवळा, काजू, बांबू. नुसती ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून मोकळे होऊ नका, ती भराभर वाढते, कागदावर छान दिसते, पण तिचा पाला लवकर कुजत नाही आणि खाली दुसरं काही फारसं येत नाही.

एक सावधगिरी. हे सगळं लोहखनिज, मँगनीज अशा डंपांसाठी आहे, युरेनियमच्या गाळाला हे लागू नाही. झारखंडमधल्या जादुगुडाला खनिजात युरेनियम इतकं थोडं की एका टनातून जेमतेम अर्धा किलो किंवा त्याहून कमी निघतं, बाकीच्या दळलेल्या खनिजाचा बारीक गाळ तळ्यात जातो, आणि मूळ किरणोत्साराचा बराचसा भाग गाळातच राहतो कारण युरेनियम काढलं तरी रेडियम तिथेच राहतं, आणि त्याचं अर्धायुष्यच, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, 1600 वर्षं आहे. तिथे वर मातीचा थर देतात पण खोल मुळांची झाडं नकोत, मुळं थर फोडतात, आणि गुरं खातील असंही काही नको. खर्चाचा अंदाज हवा तर पूर्व जर्मनीतली विस्मुट ही युरेनियम खाण कंपनी बघा, 1946 ते 1990 मध्ये 2,31,000 टन युरेनियम काढलं आणि 1991 पासून सफाईवर 6 अब्ज युरोपेक्षा जास्त गेलेत, रोनेबुर्गचा प्रचंड खड्डा जुन्या डंपांच्या मातीनेच भरून काढला. हा पैसा युरेनियम विकणाऱ्याने बाजूला ठेवला नव्हता, तो जनतेच्या करातून गेला.

शेवटचं काम मोजणी. सप्टेंबर-ऑक्टोबरची मोजणी धरू नका, तेव्हा काठी रोवली तरी पालवी फुटते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात जा, वरच्या, मधल्या आणि खालच्या पायरीवर प्रत्येकी शंभर खड्डे मोजा, जिवंत किती ते लिहा. रोप सुकं दिसलं तर नखाने साल खरवडा, आत हिरवं असेल तर जिवंत धरा. पहिली दोन वर्षं नोव्हेंबर ते मे पाणी लागतंच, खाणीच्या खड्ड्यातलं साठलेलं पाणी पंपाने वर चढवता येतं, आणि बाजूने गुरं अडवायला काटेरी कुंपण पाहिजे. मेलेल्या खड्ड्यात जूनमध्ये तेच झाड परत लावायच्या आधी खड्डा फूटभर खोल खणून बघा, खाली विटेसारखी घट्ट माती लागली तर ती बदला.