ऑनलाइन गाणं शिकवताना तानपुरा गायब होतो, तेव्हा काय करावं

गाण्याच्या बाई ठाण्यात नौपाड्याला आणि विद्यार्थिनी घणसोलीला असेल, तर संध्याकाळच्या लोकलच्या गर्दीपेक्षा ऑनलाइन तास दोघींनाही सोयीचा. पण पहिल्याच तासाला तानपुरा ऐकू येईनासा होतो आणि बाईंना वाटतं, हे आपलं काम नव्हे. चूक त्यांची नसते. झूम बोलण्यासाठी बनवलंय. तानपुऱ्याचा अखंड नाद त्याला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो, म्हणून ते तो दाबून टाकतं.

लॅपटॉपवर झूमच्या सेटिंग्जमध्ये 'ऑडिओ' उघडा. 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' निवडा आणि त्याखालच्या 'हाय फिडेलिटी म्युझिक मोड'वर टिक करा. 'एको कॅन्सलेशन' बंद करायचं असेल, तर दोन्हीकडे इअरफोन हवेतच, नाहीतर आवाज घुमतो. मीटिंग सुरू झाली की ओरिजिनल साउंडचं बटण 'ऑन' आहे ना, ते बघा. सेटिंग करूनही हे बटण बंद राहू शकतं, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. विद्यार्थिनीकडूनही हे सगळं करून घ्या, कारण बाईंना ऐकायचाय तो तिचा सूर.

इअरफोन वायरचेच घ्या. ब्लूटूथवर आवाज सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही जास्त मागे पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: दोघींनी एकाच वेळी गायचं नाही. नेटवरून आवाज पोचायला वेळ लागतो. तो 30 मिलिसेकंदांच्या वर गेला की लय ओढल्यासारखी होते. तुम्ही इकडे तबला लावलात, तर तिची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, तुम्हाला कायम उशिराच ऐकू येणार, ती बरोबर गात असली तरी. म्हणून ठेका आणि तानपुरा तिच्याच घरी, वेगळ्या फोनवर, तिच्या पट्टीत वाजू द्या. तिचा गळा आणि ठेका एकाच माइकमधून येतात, त्यामुळे दोन्हींना सारखाच उशीर होतो. सम चुकली, तर ती खरोखरच चुकलेली असते. तुम्ही ओळ गा, थांबा, मग ती गाईल.

माइक तोंडापासून वीतभर लांब, जरासा बाजूला धरा. पंखा बंद ठेवा.

खऱ्या तासाआधी घरातल्या कुणाला तरी दुसऱ्या खोलीत फोन घेऊन बसवा आणि पंधरा मिनिटं गाऊन बघा. फुकटच्या खात्यावर मीटिंग 40 मिनिटांनी तुटते, तेव्हा बंदिश आधी घ्या, पलटे (स्वरांचे सराव) नंतर.

रियाज तपासायचा असेल, तर व्हॉट्सॅपचा व्हॉइस मेसेज मागू नका, त्यात आवाज दाबला जातो. फोनच्या रेकॉर्डरवर केलेली फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.